सोयरे नसलेलं गाव

मुरबाड,
९ मार्च २०२५

ती. धर्मामामास मितालीचा शि. सा. न. वि. वि.

तू तोंडी ऑर्डर घेत नाहीस, हे सगळ्या शहापूर तालुक्याला ठाऊक आहे. लग्न असो की बारसं, मांडव केवढा, खुर्च्या किती, पंगत की बुफे, हे कागदावर आल्याशिवाय तू एक बांबूसुद्धा हलवत नाहीस. शिवाय फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू उत्तर देऊन मोकळा होतोस. म्हणून हे पत्र. ऑर्डर समज.

मी सप्टेंबरात युरोपला जाणार आहे. एकटी. प्राग, व्हिएन्ना, ल्युब्लियाना, बुडापेस्ट, अशी चार शहरं आणि सोळा दिवस. एमआयडीसीतल्या लॅबमध्ये चार वर्षं पावडरी तपासून दोन लाख साठवलेत. त्यातले निम्म्याहून जास्त विमान, व्हिसा आणि विम्यात जातील. उरलेल्यात झोपणं, खाणं, फिरणं बसवायचंय आणि ते काही केल्या बसत नाही. खर्चाचा आणि गाड्यांचा तक्ता सोबत जोडलाय. एका शहराला पोटभर जेवते, तर दुसऱ्याला फुटपाथवर झोपावं लागतं.

आईला सांगितलं. सोबत कोण, असं तिने विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर भाकरी थापायची थांबली आणि नाय जायाचं म्हणून परत थापायला लागली. मग मी हळूच तुझं नाव घेतलं. त्यावर म्हणाली, धर्मा बघनार असंल तर बघू. तर मामा, माझं जाणं न जाणं आता तुझ्या हातात आहे. ही बाब मी एरवी तुला कळू दिली नसती.

रेश्मामामीस नमस्कार. तिला सांग, इतक्यात आईकडे काही बोलू नकोस म्हणावं. जायचे दिवस पितृपंधरवड्यातले आहेत, हे आईने अजून कॅलेंडरात पाहिलेलं नाही.

लोभ असावा आणि उत्तर लग्नसराई संपायची वाट न बघता यावं.

तुझी,
मिताली


सापगाव,
१६ मार्च २०२५

चि. मितालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

ऑर्डर पोचली. दहावीला दोनदा गणितात गेलेल्या माणसाला तू युरोपचं गणित घातलंस, याबद्दल आभारी आहे. शाळेने मला जे शिकवलं नाय ते मी जनरेटरच्या पुस्तकावरून, डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो. तुझ्या चार शहरांचे नकाशे मी आठवडाभर मोबाईलवर मोठे करकरून पाहिले. प्रागचं स्टेशन आता मला आसनगावापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुझी मामी म्हणते, एवढं लक्ष घरच्या गळक्या पत्र्याकडे दिलं असतं तर बरं झालं असतं.

आता तुझ्या चुका. पहिली, तू दोन्ही वेळचं जेवण हॉटेलात धरलंस. तिथल्या हॉस्टेलात सामायिक स्वयंपाकघर असतं. सकाळी भात लाव, डब्यात भर, दुपारी बागेत बसून खा. एका वेळेला मात्र तिथलं गरम काहीतरी खायचं, नायतर गेलीस कशाला? दुसरी, रेल्वेचं तिकीट आधी काढलं तर स्वस्त आणि आयत्या वेळी मिळतं लग्नाच्या आदल्या दिवशीच्या टोमॅटोच्या भावाने. ते लवकरात लवकर काढ. तिसरी, तू दोन गाड्यांच्या मध्ये दहा मिनिटं ठेवलीस. वऱ्हाडाला कधी दहा मिनिटं पुरलेली मी पाहिली नाय. तू एकटी असलीस तरी तुझ्यात एक वऱ्हाड आहेच. तास ठेव.

तिथे स्टेशनवर लघवीलाही पैसे पडतात, आणि ते आपल्या हिशेबाने चहा-वडापावाएवढे. हा रकाना तू धरलाच नव्हतास. मी धरला.

राहता राहिला झोपण्याचा खर्च. तुझं सगळं गणित तिथेच फाटतंय. तो रकाना तू कोरा सोड गो. तो मी बघतो.

ताईला मी भेटलो. एकटी म्हणजे काय रानात चालली नाय, असं समजावलं. पंधरवड्याचं मीच सांगून टाकलं. पितरांना तिकडे व्हिसा लागतो, म्हणून ते तिच्या मागे जाणार नायत, असं म्हणालो. हसली. हसली म्हणजे अर्धं काम झालं.

माया आहेच. बॅगेचं वजन मात्र कमी असावं.

तुझा,
धर्मामामा


मुरबाड,
२७ एप्रिल २०२५

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

विमानाचं तिकीट काढलं. आठ सप्टेंबरला जाणं, चोवीसला येणं. रेल्वेची तिकिटंही निघाली, दर दोन गाड्यांत तुझा एक तास सोडून. त्या रिकाम्या तासांत तिथल्या फलाटांवर बसून मी तुझंच नाव घेणार आहे, कोणत्या सुरात ते तेव्हाचं तेव्हा.

लॅबमध्ये तुझा कागद दाखवला. आमचे साहेब सहकुटुंब स्वित्झर्लंडला जाऊन आलेत. टूरवाल्याने जिथे उतरवलं तिथे उतरले आणि जिथे चढवलं तिथे चढले. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि हा एजंट कोण, कमिशन किती घेतो, असं विचारलं. मी सांगितलं, मांडववाला आहे, घेतो ते टोमणे मारून घेतो.

झोपण्याचा रकाना तू मागितलास म्हणून कोरा ठेवलाय, पण व्हिसासाठी हॉस्टेलांचं बुकिंग दाखवावंच लागतं. ते केलंय, ऑगस्टअखेरपर्यंत रद्द करता येतं. तू काय बघतोयस ते मात्र कळव. तुझ्या गप्प बसण्याची मला सवय नाही.

लोभ आहेच, त्याला कमिशन लावू नये.

तुझी,
मिताली


सापगाव,
२२ जून २०२५

चि. मितालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

सीझन संपला. कापड धुऊन, वाळवून माळ्यावर गेलं. आता तुझं काम पूर्ण झाल्याचं कळवायला बसलोय.

झोपण्याचा रकाना शून्य झाला आहे. परत वाच. शून्य.

गेली तीस वर्षं मी या दोन तालुक्यांतल्या लग्नांना मांडव घालतोय. कोणाची पोर कुठे दिली, कोणाचा मुलगा कुठे लागला, हे माझ्या डोक्यात असतं. प्रागला आपल्या सकुबाईचा नातू प्रणित आहे, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, नुकताच मुलगा झालाय. व्हिएन्नाला सरळगावची रुचिता नर्स आहे, तिच्या लग्नात जनरेटर माझाच होता. बुडापेस्टला वाशिंदच्या व्याह्यांचा भाचा शिकायला आहे. सगळ्यांना मी स्वतः फोन केले. सगळे म्हणाले पाठवा, आमचीच आहे. आपलं माणूस गावात असताना विकतच्या खाटेवर झोपायचं, ही आपल्यात रीत नाय. ताई तर आता मोठ्या आनंदात आहे. म्हणते, एकटी कुठं चालली, घरातनं घरात चालली.

ल्युब्लियानाला मात्र कोणी सापडेना. शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण सगळीकडे विचारून झालं. त्या गावात आपलं कोणीच नाय. तिथल्या तीन रात्री कमी करून व्हिएन्नाला वाढवाव्यात, असं माझं मत आहे.

जाताना थोडं सामान न्यायचं आहे. सकुबाईने पणतवंडासाठी गोधडी शिवली आहे. रुचिताच्या आईने घरचा मसाला आणि सुकट दिली. वाशिंदहून पापड येतील. तूर्त नऊ किलो, मी काट्यावर तोलून घेतलं.

आशीर्वाद आहेतच, त्यांचं वजन धरलेलं नाय.

तुझा,
धर्मामामा


मुरबाड,
१३ जुलै २०२५

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन आठवडे झाले. उत्तर द्यायला बसायचे आणि उठायचे. मनात एवढं होतं की चिडून लिहू नये. तू एवढी खटपट केलीस, तुझ्यावर चिडणार तरी कशी.

मामा, माझा साखरपुडा मोडला त्याला आता दीड वर्ष होईल. कारण त्यांना ठाऊक आणि आम्हाला ठाऊक. पण मुरबाडात मी भाजी घ्यायला गेले तरी भाजीवाली आधी माझ्याकडे बघते, मग कोथिंबीर जरा जास्त घालते. जीपमध्ये शेजारची बाई विचारते, तू कोनाची गो? मी सांगते. मग ती अस्सं म्हणते आणि पुढचा सगळा रस्ता बाहेर बघते. कोणी वाईट बोलत नाही. वाईट बोलले असते तर भांडता आलं असतं.

प्रणितची आजी माझ्या साखरपुड्यात पहिल्या रांगेत बसली होती. रुचिताच्या आईने मला हळद लागेल तेव्हा नेसायची साडी आधीच देऊन ठेवली होती. साडी परत नेताना ती जेवढी रडली तेवढी मीही रडले नव्हते. त्यांच्या लेकरांच्या घरी मी गेले, की त्यांनी कितीही प्रेमाने वाढलं तरी त्या ताटात ती कोथिंबीर असणारच.

मला सोळा दिवस अशा गावांत राहायचंय, जिथे मी कोणाचीच नाही. विकतची खाट घेतली की तिथे मी फक्त खाटेचे पैसे दिलेली बाई असते. चार वर्षं मी महालासाठी नाही, तेवढ्यासाठी पैसे साठवले. आणि तू त्याच रकान्यात शून्य घातलंस.

आता आई मला नातेवाइकांकडेच पाठवायला तयार आहे. हॉस्टेल म्हटलं तर जाऊ नकोस म्हणते. तू सांगितल्याशिवाय ती ऐकणार नाही. बुकिंग ऑगस्टअखेरपर्यंतच टिकून आहे. तुला वाटलं तर मी सगळं रद्द करते, तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील. पण गोधडी पोचवायला मी युरोपला जाणार नाही.

रागावू नकोस. रागावलास तरी कागदावर कळव.

तुझी,
मिताली


सापगाव,
१७ ऑगस्ट २०२५

चि. मितालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मला राग आला होता. तो आठवडाभर होता, हे नोंदवून ठेवतो. रुचिताची आई, सकुबाई, वाशिंदचे व्याही, सगळ्यांना मी शब्द दिला होता. शब्द फिरवायची मला सवय नाय. मांडव एकदाच उतरवला होता वेळेआधी, तो तुझ्याच लग्नाचा. माणसं रस्त्यावर थांबून बघत होती. मी कोणाकडे बघितलं नाय. त्यावर आपण दोघं कधी बोललो नाय, आणि आताही बोलायला नको.

मग विचार केला, जी गोष्ट आपण करून पाहिली नाय तिच्याबद्दल मत देऊ नये. कोणाचा नसलेला माणूस होऊन एक दिवस काढायचा, असं ठरवलं. गाव कोणतं घ्यावं? उंबरमाळी घेतलं. तिथे मी कधी ऑर्डर घेतली नव्हती, सोयरीक नाय, काम नाय. गेल्या रविवारी दुपारी आसनगावाहून गाडीत बसलो. मामीला सांगितलं, फिरायला चाललोय. तिने ताप बघितला.

उंबरमाळीला उतरलो. आजूबाजूला डोंगर, झाडी, माणूस तुरळक. बाकावर बसलो. खरं सांगतो मिताली, छान वाटत होतं. कोणी नमस्कार करत नव्हतं, कोणी खुर्च्यांचा भाव पाडून मागत नव्हतं. पोट सैल सोडून बसलो होतो. बिडी ओढावीशी वाटली, सोडून दहा वर्षं झाली तरी.

तेवढ्यात डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली. नीट न्याहाळून म्हणाली, "तू सापगावचा मांडववाला धर्मा नाय का रं?"

तिचं नाव अंबूबाई. तिची लेक आसनगावाजवळ दिली आहे, आणि त्या लग्नाचा मांडव मुलाकडच्यांनी माझा घेतला होता. मला घरी नेलं. चहा पाजला. घरी कोण कोण, ताईची पोर मुरबाडची ती का, सगळं विचारलं. तुझं विचारल्यावर अस्सं म्हणाली आणि दाराबाहेर बघायला लागली. आणि निघताना आसनगावच्या लेकीला पोचव म्हणून टोपलीभर काकड्या माझ्या डोक्यावर दिल्या. मी त्या पोचवल्या.

परतीच्या गाडीत काकड्या मांडीवर घेऊन बसलो होतो तेव्हा ध्यानात आलं. अंबूबाईने ओळखलं याचा मला राग नाय आला, उलट छाती फुगली. कारण माझं नाव घेतलं की लोकांना मांडव आठवतो. तुझं नाव घेतलं की त्यांना काय आठवतं, ते मी तिच्या दारात पाहिलं. उंबरमाळीला जमत नसेल, तर माणसाला तेवढ्यासाठी युरोपला जावं लागतं, हे मला पटलं.

तर दुरुस्त्या. तिन्ही घरी मी कळवलं की भाचीचा कार्यक्रम बदलला, चूक माझी. गोधडी मी पोस्टाने पाठवली, खर्च माझा. सुकट आम्ही खाल्ली. ल्युब्लियानाच्या तीन रात्री चार कर, व्हिएन्नाची एक कमी कर. रेल्वेचं ते एक तिकीट बदलावं लागेल, त्याचा फरक मी देतो. हॉस्टेलं मी बघितली, तिथली तू घेतलेली गल्ली बरोबर आहे, पण बायकांची खोली आहे ना तेवढं परत विचार. ताईला सांगितलं की मी तपासलंय आणि मला हेच योग्य वाटतं. दोन दिवस बोलली नाय. काल तुझ्यासाठी चिवड्याचे पोहे वाळत घातले तिने. म्हणजे झालं.

तो चिवडा मात्र ने. अर्धा किलो. त्यावर कोणाचंच नाव नाय. एकटीने खा नायतर वाटेल त्याला दे.

पोचल्याचं कळवावं. कोणाची भाची ते कोणाला कळवू नये.

तुझा,
धर्मामामा


ल्युब्लियाना,
१७ सप्टेंबर २०२५

ती. मामास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्यानंतर पोचेल बहुतेक. तरी लिहिते, कारण तू तोंडी घेत नाहीस.

हिशेब तुझ्या रकान्यांत बसतोय. फक्त लघवीचा रकाना तू कमी धरलास, इथे थंडी आहे. सकाळी भात लावते. व्हिएन्नाहून इकडे येताना तुझ्या एका तासाने मला ग्राझ स्टेशनाजवळ वाचवलं, गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती. बाकी सगळे धावत होते आणि मी पाय पसरून बसले होते. नाव घेतलं तुझं, चांगल्या सुरात.

नऊ दिवस मला कोणी काही विचारलं नाही. प्रागला मी एका पुलावर दोन तास नुसती उभी होते. हसले, मग थोडी रडलेही. कोणी वळून बघितलं नाही. तेवढ्याचे पैसे वसूल झाले, मामा.

आज इथल्या बाजारात गेले होते. नदीकाठी भाजी, फळं आणि मधाच्या बरण्या मांडून बाया बसतात, आपल्या आठवडी बाजारासारख्या. एका म्हातारीच्या फळीशेजारी कट्ट्यावर बसून मी आईचा चिवडा काढला. ती बघत होती. पुढे केला. तिने मूठभर घेतला, खाल्ला, आणखी मागितला. मग मिरची लागली असावी, तोंडाशी हात हलवत हसली आणि तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. एक अक्षर कळलं नाही. पण ज्या तऱ्हेने मान वाकडी करून तिने विचारलं ना, त्यावरून काय विचारलं ते मला पक्कं कळलं.

आणि मी सांगितलं. आपल्याच भाषेत, मोठ्याने सांगितलं, की मी मुरबाडच्या अनिताची मुलगी, सापगावच्या धर्मा मांडववाल्याची भाची. तिला काय कळणार. तिने अस्सं म्हटलं नाही. मान डोलावली आणि माझ्याकडेच बघत राहिली.

निघाले तेव्हा तिने मधाची एक बरणी माझ्या हातात कोंबली. पैसे घेईना. बोट माझ्याकडे, मग लांब कुठेतरी, मग परत माझ्याकडे. मला वाटतं, त्याला पोचव असं म्हणाली.

वजन पाऊण किलो आहे. मी आणतेय.

तुझी भाची,
मिताली