मारुतीच्या फेऱ्या आणि माझा डावा गुडघा

॥ मारुतीराया सांभाळ ॥
घाटकोपर, शनिवार

चि. सौ. मालन हिस,
जानकीताईचे पोटभर आशीर्वाद. बोरिवलीत तुम्ही सगळी खुशाल असालच. माझं विचारशील तर कमरेच्या वर सगळं ठीक आहे. (फोनवर तू बहिणीला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद खर्ची घातला. तोही कॅलेंडरच्या पाठचा.)

डावा गुडघा ठणकतोय गं. बरोब्बर आतल्या अंगाला, दुसऱ्या गुडघ्याला टेकतो तिथे. शेजारची अनुपमा म्हणाली, गुडघ्यातली गादी झिजली. हे म्हणाले, जमिनीवर बसून नारळ खवतेस म्हणून. अनुपमाच्या नवऱ्याने मोबाईलवर वाचून पाच कारणं काढली: वय, वजन, मुरगळणं, गादी फाटणं, हाडं झिजणं. त्यातलं वजन मला दोनदा ऐकवलं.

शेवटी हाडांच्या डॉक्टरकडे गेले. फोटो काढला, हाडं शाबूत. मग विचारतो, मावशी, रोज चालता किती? म्हटलं, चालत कुठे, प्रदक्षिणा घालते. नवस आहे, एक्केचाळीस दिवस रोज एकशे आठ, घरातल्याच एकीच्या गुडघ्यासाठी. (मोठ्या देवळात घालायच्या होत्या, पण रोज रिक्षा कशाला, म्हणून सोसायटीतला पिंपळाखालचा मारुती धरला. सात पावलांत फेरी संपते.) त्याने कागदावर एवढंसं वर्तुळ काढलं. म्हणे, सारखं उजवीकडे वळून वळून डाव्या गुडघ्याच्या आतल्या शिरा सुजल्यात. थोडे दिवस थांबा, नाहीतर निम्म्या उलट्या बाजूने घाला. मालन, कपाळाला गंध लावलेला माणूस, आणि मारुतीला उलटी फेरी घालायला सांगतो. हे बाहेर येऊन म्हणतात, "रिक्षा स्वस्त पडली असती."

तीस दिवस झालेत, अकरा राहिलेत. बोललेला नवस असा मधेच टाकून कसं चालेल? उंबरठा ओलांडताना जीव जातो, पण मारुतीला काय सांगू?

तुझी,
जानकीताई

ता. क. : घरातली ती एक म्हणजे तूच. दिवाळीत आमच्या जिन्यात गुडघा धरून रडलीस, तेव्हा बोलले होते. परवा तुझ्या लेकीने, मनालीने, तुझा फुगडी घालतानाचा फोटो पाठवला. बरं वाटलं. आता सोमवारी राहायला ये आणि उरलेल्या दिवसांच्या फेऱ्या तू घाल. साड्या आणू नकोस, माझ्या नेस.

ता. ता. क. : काल दुपारी देवळात कुणी नव्हतं, तेव्हा अकरा उलट्या घालून बघितल्या. खरंच आराम पडला. कुणाला बोलू नकोस. पण मारुतीने त्या वजा धरल्या असल्या तर घोटाळा नको, तू अकरा जास्तीच्याच घाल.