मामांचं कमिशन

मामा,

वर नमस्कार लिहिला आणि खोडला. तोंडच नाही मला.

दोन रविवार तुम्ही चिंचवडहून कुरुळीला माझ्या खोलीवर आलात. एसआयपी म्हणजे काय, फंड कसा निवडायचा, सगळं आमच्या भिशीचं उदाहरण देऊन समजावलंत. "विजू, घाई नको. विचार कर, मग फॉर्म भरू," म्हणालात. तुमचं घर अशा फॉर्मांमागे मिळणाऱ्या कमिशनवर चालतं, हे मला ठाऊक होतं. तरी तुमची गाडी गल्लीबाहेर पडली नाही तोच मी मोबाइलवर ॲप शोधायला बसले. जे सगळ्यात स्वस्त, ज्यात एजंटला काही द्यावं लागत नाही, त्यावर खातं उघडलं. फंड मात्र तुम्ही सांगितलेलाच घेतला.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण कंपनीत माझ्या लाइनवरच्या पोरी विचारायला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना तुमचंच भिशीचं उदाहरण दिलं, अगदी तुमच्याच शब्दांत. त्यांनी ॲपवर माझा रेफरल कोड टाकून खाती उघडली आणि ॲपने मला प्रत्येकीमागे बक्षीस दिलं. कमिशनच की ते, मामा!

काल तुमचा फोन आला. "झाला का गं विचार?"

"अजून नाही, मामा," म्हटलं मी.

त्या बक्षिसातून तुमच्यासाठी शर्टपीस आणलाय. तो कपाटात पिशवीतच पडून आहे, हे पत्रही आता तिथेच ठेवते. शर्टपीस द्यायला मी येईनही. पण "हे कशाबद्दल गं?" असं तुम्ही हसून विचारलंत, तर काय सांगू?

तुमची भाची म्हणवून घेणारी,
विजयश्री