पुढच्या खोलीतली शाखा

सोमवार, ३ जून

नवी नोकरी, नवं घर, नवी वही. तिन्ही एकदम मिळायला नशीब लागतं.

दातांच्या दवाखान्यांची मोठी साखळी आहे, शहरभर शाखा. फोनवरच्या नकाशात या शाखा नीट ठेवायच्या, हे माझं काम. पत्ता, वेळा, फोन नंबर, फोटो बघायचे आणि कुणी रिव्ह्यू लिहिला की गोड उत्तर द्यायचं. आज पहिल्याच दिवशी सापडलं की एका शाखेची पिन चक्क चौकातल्या कारंज्यात पडली होती. गाल धरून आलेली माणसं कारंज्याभोवती चकरा मारून परत जायची म्हणे. मी पिन उचलली आणि बरोब्बर दवाखान्याच्या दारात नेऊन ठेवली. वाट चुकलेल्या म्हातारीला घरी पोचवल्यासारखं वाटलं.

रिसेप्शनवरच्या मुलीला सगळे मैना म्हणतात, कारण तिच्या तोंडाला कुलूप नाही. मालक म्हणजे मोठे डॉक्टर. ते आता स्वतः दात काढत नाहीत, फक्त माणसं कामाला लावतात, असं मैनेनं कानात सांगितलं.

घर तळमजल्यावर आहे. पुढच्या खोलीचं दार थेट रस्त्यावर उघडतं. आई बेहद्द खूश. बाबा गेल्यापासून तिला बोलायला माणूस नव्हतं. इथे खिडकीत बसून जाणाऱ्यायेणाऱ्याची चौकशी करते. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याशी तर दोन दिवसांत भाऊबहिणीचं नातं जुळवून मोकळी झाली.

गुरुवार, १३ जून

मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या भागात नवी शाखा काढायची आहे, जागेचं मात्र घोडं अडलंय. नकाशावर नाव लवकर लागलं तर बरं, म्हणून जागा मिळेपर्यंत तुझ्या घरचा पत्ता टाक म्हणाले. मी जरा चाचरले. पण नोकरीला दोन आठवडेही झाले नाहीत, नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

नकाशावाल्यांना खात्रीसाठी व्हिडिओ लागतो. रस्ता, पाटी, दार, आतलं सामान, सगळं एका दमात दाखवायचं. त्यासाठी आज पाटी आली, जुनी खुर्ची आली, हत्यारांचा ट्रे आला. पुढच्या खोलीत आता पाय ठेवायला जागा नाही. व्हिडिओ तासाभरात पास झाला. आईला खुर्ची फारच आवडली. बटण दाबून वरखाली होत टीव्ही बघते. मी म्हटलं, राणीसाहेब, मुजरा.

बुधवार, १९ जून

सकाळी निघताना दारात एक माणूस. गाल टम्म सुजलेला, वर रुमाल बांधलेला. नकाशा बघून आला होता. बिचाऱ्याला मी समजावलं की हा दवाखाना नाही, अजून उघडायचाय, आणि जवळच्या शाखेचा पत्ता लिहून दिला. त्यानं मान डोलावली आणि पायरीवर टेकला. मी ऑफिसला गेले.

दुपारी त्याचाच रिव्ह्यू आला. पाच तारे. दुखणं पळालं, मॅडम बोलत नाहीत पण हात हलका आहे, असं लिहिलं होतं. चुकून आमच्या पत्त्यावर लिहिलं असणार. मी मैनेला दाखवलं. दोघींनी इतके दात काढले की मोठे डॉक्टर बाहेर येऊन बघून गेले.

सोमवार, २४ जून

आता हसू येत नाही.

रोज रिव्ह्यू येतात. आज एकीनं फोटो टाकलाय. आमची पुढची खोली, आमचा निळा पडदा आणि खुर्चीत तोंडात कापूस कोंबलेली बाई. मागे आईचा हात पाण्याचा पेला धरून उभा. वेळ दुपारची, म्हणजे मी ऑफिसात होते तेव्हाची.

आईला विचारलं. ती म्हणाली, येतात बाई माणसं, लांबून येतात, पाणी तरी द्यायला नको? पुढे काय होतं विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेड पांघरतेय.

मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि पत्ता काढून टाकू का विचारलं. ते म्हणाले, नकाशावर आहे म्हणजे आहे. आपल्या कुठल्याच शाखेला एवढे तारे नाहीत.

शुक्रवार, २८ जून

कुणाला न विचारता आमच्या शाखेवर 'कायमचे बंद' असं लावून टाकलं. जीव भांड्यात पडला. थोड्याच वेळात लोकांनी दुरुस्त्या सुचवल्या. बंद नाही, चालू आहे, आत्ताच जाऊन आलो. नकाशानं त्यांचं ऐकलं. मी पुन्हा बंद केलं, त्यांनी पुन्हा उघडलं.

घरी येऊन पाटी उपटून काढली. आई रुसली. एवढी माणसं आपल्याकडे कधी आली होती का, म्हणाली. तुझ्या बाबांच्या वेळीसुद्धा नाही.

मंगळवार, २ जुलै

ठरवलं, आज भर दुपारी अचानक घरी जायचं आणि काय चाललंय ते डोळ्यांनी बघायचं. मैनेला म्हटलं, जरा घरी जाऊन येते, सांभाळून घे. ती म्हणाली, त्यात सांगायचं काय? रोजच तर जातेस जेवायला.

मी रोज टेबलावर डबा खाते.

मी रोज डबा खाते. बॅग उघडली. आजचा डबा, कालचा, शुक्रवारचा. तिन्ही भरलेले. खालचे दोन आंबलेले.

उजवं मनगट बरेच दिवस ठणकतंय. मला वाटलं, माऊसमुळे.

गुरुवार, ४ जुलै

आज कामावर गेले नाही. सकाळपासून पुढच्या खोलीत दाराला पाठ लावून बसले. बेल वाजली. जा म्हणून सांगायला दार उघडलं —

मग मी हात पुसत होते. नॅपकिन लाल. ट्रेमध्ये दाढ, मुळासकट. आई माझ्या कपाळावरचा घाम टिपत होती. दमलीस गं, म्हणाली.

दाढ उजेडात धरून बघितली. पांढरीशुभ्र. कीड नाही, काही नाही. धडधाकट दाढ.

मोठ्या डॉक्टरांना फोन केला, रडले. ते म्हणाले, लोक खूश आहेत, तुझी तक्रार काय? बाकीच्या शाखा ते बंद करताहेत. त्यांचे सगळे पेशंट आता इकडे. शाबास म्हणाले.

शनिवार, ६ जुलै

येतात त्यांचं आता काही दुखतही नाही. तारे बघून येतात. पायरीवर, फुटपाथवर, रांगेत गप्प बसतात. मी ओरडले, तुमचे दात चांगले आहेत, घरी जा! एकानं समजूत घातल्यासारखी मान हलवली आणि तोंड उघडलं.

बेकरीवाला आला होता. त्याचं काय केलं मी? पाव द्यायला तो खिडकीशी आला तर हसला. वरचा एकही दात उरलेला नाही. उद्या बायकोला आणतो म्हणाला.

उजवा हात खिडकीच्या गजाला बांधून घेतला. गाठी दातांनी आवळल्या. आईनं येऊन सोडल्या. खोळंबलीत गं माणसं, म्हणाली.

रविवार, ७ जुलै

आई हसली.

तोंडात एकही नाही. ओठ आत गेलेत. रडू नकोस, म्हणाली, शब्द नीट कळेनात, मला मुळीच दुखलं नाही. मला आठवत नाही. देवा, मला आठवत नाही. आईचं तोंड मी —

तिनं रिव्ह्यूही लिहिलाय. माझ्याच लेकीचा हात. पाच तारे.

सोमवार

पळायचं म्हणून दार उघडलं. अख्खा रस्ता भरलाय. सगळ्यांची तोंडं उघडी. हात पसरून त्यांनी मला आत आणलं. हळू. कुणी ढकललं नाही.

ओरडायचंय. दातखिळी बसलीय.

आईनं खुर्ची खाली घेतली. सगळ्यांचं केलंस, म्हणते, तुझं कोण करणार? मी मान हलवते, नाही नाही नाही. आई, तुला येत नाही. माझ्या मनातलं ओळखून म्हणते, तुझ्याकडे बघून बघून आलं गं.

पाय बेकरीवाल्यानं धरलेत. डावा हात त्याच्या बायकोनं. वही पोटावर. आई जबड्याखाली अंगठा दाबतेय, लहानपणी औषध पाजताना दाबायची तसा. लिहिणं पुरे म्हणते. म्हणते आ कर बाळा, आ —