दोन नंबरचा रिमोट

तिसगाव,
१८ नोव्हेंबर १९९९

प्रिय पशा,

तुझं पत्र सोमवारी आलं. पाकिटावर फक्त माझं नाव होतं, तू असं कधी करत नाहीस, म्हणून गच्चीवर जाऊन वाचलं. तीन आठवडे तू डिसेक्शन हॉलमध्ये गेलेला नाहीस. चाकू धरला की हात थरथरतो, सर सगळ्यांसमोर बोलतात, तरी कॉलेज सोडवत नाही. का, तर अण्णांनी लहानपणी ओळखलेला हात तू खोटा कसा पाडणार? ही ओळ तू लिहून खोडलीस आणि खाली परत लिहिलीस. तीन दिवस मी त्या ओळीशी भांडतेय. आता सांगते सगळं, पण मला जमेल तसं, मागचं पुढं करत.

कचरूमामानं नगरहून टीव्ही गेम आणला ती दुपार आठवते? एमआयडीसीतल्या त्याच्या साहेबाच्या मुलाचा जुना. मामा एसटीत पूर्णवेळ डबा मांडीवर घेऊन बसला होता. वायरचे रिमोट दोन, कॅसेट एकच. तुला मोटारसायकल हवी होती, आणि निघालं ऑपरेशन. टीव्हीभर एक गुलाबी पोट, बाजूला सुई, चाकू, चिमटा, आणि कोपऱ्यात तोंडाला फडकं बांधलेली सिस्टर. अक्षरं चिनी का जपानी, कुणाला वाचता येणार? नियम आपणच बसवले. सिस्टर हसली की पेशंट वाचला, मान खाली घातली की गेला. पेशंटचं नाव तू पुंजाराम ठेवलंस. का, ते मी कधी विचारलं नाही. तो पुंजारामच दिसायचा.

काय मेला रे तो त्या वर्षी. आई भाकरी थापता थापता आतून विचारायची, "गेला का पुंजाराम? मग जेवून घ्या." एकदा शेजारच्या रतनबाईनं दारातून ऐकलं आणि पदर खोचून आतच आली, कोन गेलं म्हणून. तिला टीव्हीपुढं बसवून चहा द्यावा लागला. पुढच्या डावात तो परत गेला, तेव्हा कप खाली ठेवून ती म्हणाली, "सुटला बिचारा. लई भोगलं त्यानं."

वीसएक पुंजाराम गेल्यावर आपल्याला कळलं की आधी सुई, मग चाकू. चाकू ठिपक्यांच्या रेघेवरून न्यायचा, जरा हलला की संपलं. तुझा हलायचा. तू जीभ बाहेर काढून, श्वास रोखून न्यायचास आणि शेवटच्या दोन ठिपक्यांवर घसरायचास. मग रडायचास. हरलास म्हणून नाही, पशा. तू म्हणायचास, ताई, त्याला दुखलं असंल. मी तुला येडा म्हणायचे. आज तुझं पत्र परत वाचताना मला तेच आठवलं, आणि येडं कोण होतं ते कळलं.

पुढं होळीच्या सुमारास एक नंबरचा रिमोट बिघडला. बटणं दाबली तरी चाकू जागचा हलेना, आणि गेम सुरू व्हायचा तो एक नंबरवरूनच. तू शाळेत होतास. अण्णांनी दुकानातल्या मोटार वायंडिंगच्या टेबलावर दोन्ही रिमोट उघडले, दोन नंबरच्या आतली सर्किटची पट्टी काढून एक नंबरला बसवली आणि रिकामं खोकं स्क्रू पिळून परत बंद केलं. बाहेरून दोन्ही सारखेच. मी शेजारी उभी राहून बॅटरीचा उजेड धरला होता.

त्या दिवसापासून तू जे खेळलास, ते तू खेळला नाहीस. तुझं रडणं बंद व्हावं म्हणून मी तुझ्या हातात दोन नंबरचा दिला आणि एक नंबरचा ओढणीखाली घेऊन तुझ्या मागं बसायला लागले. तू डावीकडं दाबायचास, मी डावीकडं न्यायचे. तू घसरलास तरी मी घसरायचे नाही. पुंजाराम जगायला लागला आणि तू शाळेत सगळ्यांना सांगत सुटलास. एकदा सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण तू तेव्हा इतका सुखात होतास.

मग चौदा एप्रिल. मिरवणूक संपवून सगळे घरी आलेले, छबूआत्या, कचरूमामा, पाथर्डीचे पाहुणे. माझी दहावी संपलेली, अकरावीला सायन्स घेऊन नगरला हॉस्टेलवर राहायचं मी मनात पक्कं केलेलं. लाइट होती, मामानं गेम लावला, आणि आपण दोघांनी बारा माणसांसमोर पुंजारामचं पोट उघडून, चिमट्यानं आतली काळी गाठ काढून, टाके घालून बंद केलं. सिस्टर हसली. अण्णा उठले, तुझा उजवा हात धरून सगळ्यांना दाखवला. "हात बघा पोराचा. डॉक्टरचा हात हाय ह्यो." आत्यानं तुझ्यावरून बोटं मोडली. माझा हात ओढणीखाली होता, एक नंबरच्या बटणांवर.

डॉक्टर घरात एकच होणार, हे त्या दिवशी ठरलं. जूनमध्ये मी पाथर्डीला आर्ट्सला गेले. घरून एसटीनं. तक्रार नाही करत, मला पुस्तकं तिथंच भेटली. पण तुझ्या नावाखाली मी सहा वर्षं गप्प राहिले, आणि तू त्या हाताखाली दबत गेलास, हे मी बघितलं नाही.

अण्णांना सांगू नको असं तू लिहिलं होतंस. सांगितलं. परवा दुकान बंद करताना, तुझं पत्र त्यांच्यासमोर ठेवून, ओढणीसकट सगळं. भांडायच्या तयारीनंच गेले होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग माळ्यावरून गेमचा डबा काढला, दोन नंबरचा रिमोट उघडून माझ्यापुढं धरला. रिकामा. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पट्टी मीच काढलेली, मला ठावं नसंल व्हय? तुझी वायरबी दिसत हुती. तुला नगरला एकटी धाडायची छाती न्हवती माझी. आन् पोरगं समोर बसलेलं हुतं, त्याचा हात धरला." मला सहा वर्षांचं बोलायचं होतं. मी नुसते त्या खोक्याचे स्क्रू पिळत बसले. काल ते तारेचं बंडल आणायला नगरला गेले आणि जुन्या बाजारातून एक मोडका रिमोट घेऊन आले. त्याची पट्टी दोन नंबरला बसवली, गेम लावला आणि मला म्हणाले, खेळ. सुईपर्यंत नीट झालं. मग माझा चाकू रेघेवरून घसरला, पशा. शेवटच्या दोन ठिपक्यांवर, तुझ्यासारखाच. आई आतून म्हणाली, गेला का? अण्णा म्हणाले, "गेला." आणि मग मला, "त्याला लिही. हाताचं मी बोललो ते खोटं हुतं म्हनावं. काय व्हायचं ते त्यानं घरी येऊन सांगावं, मी ऐकून घेईन." म्हणून हे पत्र. ते आत्ता शेजारी बसलेत. वाचायला मागत नाहीत, फक्त कुठवर आलं विचारतात. पुढच्या शनिवारच्या गाडीनं ये. ते स्टँडवर असतील. आणि दोन नंबरचा आता खरोखर चालतो, तू स्वतः दाबून बघ.

तुझ्या मागं बसणारी, आणि आता शेजारी बसायला तयार असलेली,
तुझीच
प्रज्ञाताई