नाकाखालचा दोरा

१२ मार्च, दुपार

प्रिय चिमणे,

पत्र पोचलं. कंबर आता कशी आहे? वाकून काही उचलू नकोस, नवऱ्याला सांग. त्याचे हात काही शोभेचे नाहीत. इकडे ठीक. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, मान वर करायला फुरसत नाही.

मशीन कुरकुरत होतं, दुरुस्तीवाले येऊन गेले. तेच, बायको गेलेले, मागे सांगितलं होतं ना. हल्ली बरेचदा येतात. मशीन काही तेवढं बिघडत नाही.

बघ, लिहून बसले. आता पुढचंही लिहिते.

परवा दुपारी काम आटोपून ते खुर्चीत टेकले. तुझ्या दादाच्या खुर्चीत. मी काजं करत होते. वर बघते तर डोळे मिटलेले, एक हात खाली लोंबलेला. तुझा दादाही असाच जेवून टेकला होता, आणि झोपमोड नको म्हणून मी मशीन बंद ठेवून हाताने शिवत बसले होते, पार संध्याकाळपर्यंत.

हाक मारायचा धीर होईना. दोरा तोडला आणि त्यांच्या नाकाखाली धरला. हात इतका थरथरत होता, की दोरा श्वासाने हलतोय की माझ्यामुळे तेच कळेना. आणखी जवळ नेला, तर त्यांना सणसणीत शिंक आली!

"काय हो, मिशीचं माप घेताय?"

हसायचं सोडून मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत.

"मग रोज बघत जा की. एकाच घरात राहू, म्हणजे सोपं पडेल."

"आणि एक दिवस हलला नाही तर?"

"तर तुम्ही जवळ असाल. कुणी सांगावं, दोरा धरायची पाळी माझ्यावरही येईल. एकदा आलीय."

शुक्रवारी उत्तर ऐकायला येणार आहेत. पुन्हा तेच झालं तर या वेळी मी उभी राहणार नाही, चिमणे. पण ते आले नाहीत की दाराकडे बघत बसते, हेही खरं. भीत भीतच हो म्हणणार आहे.

याहून मोठी भीती तुझी. मी त्या घरात आले तेव्हा तू माझा पदर धरून घरभर फिरायचीस. दादा गेल्यावर माझं म्हणावं असं माणूस तूच उरलीस. आता तुझ्या पत्रात वर कोणती हाक लिहिलेली असेल, याचाच धसका घेतलाय. रागाव, चार शब्द सुनाव, पण हाक तीच मार.

शुक्रवारच्या आधीही आणि नंतरही,

तुझी वहिनी