दार मी उघडलं

रविवार, दुपार

ताई,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, तिकडे तूही ठीक असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू ठीक नसणार हे मला माहीत आहे.

हिचा गुडघा पुन्हा धरलाय. जिना चढताना प्रत्येक पायरीला एकदा माझा उद्धार होतो, जणू जिना मीच बांधला. पोरीची परीक्षा संपली. आत्याकडे राहायला जाते म्हणून रोज मागे लागते. मी रोज नवीन थाप मारतो. आत्याला बरं नाही, आत्याकडे पाहुणे आलेत, आत्याकडे रंगकाम चाललंय. काल म्हणाली, "बाबा, तुमचं भांडण झालंय का?" मी म्हणालो, "छे, भांडायला काय झालं?" भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडायला दोघं लागतात आणि दोघांना मान वर करून उभं राहता यावं लागतं.

मी दोनदा तुझ्या गल्लीपर्यंत येऊन परत गेलो. एकदा तर तू गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस. मी औषधांच्या दुकानात शिरलो आणि नको असलेला खोकल्याचा काढा घेऊन बाहेर पडलो. बाटली अजून तशीच आहे. म्हणून हे पत्र. समोर आलो तर पुन्हा काहीतरी भलतंच बोलून बसेन.

त्या दुपारचं सांगतो. तू दाराच्या आत होतीस, मी बाहेर होतो. बाहेरचं तुला माहीत नाही.

दुकानाशी पोलिसांची गाडी थांबली. साहेब खाली उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली करून म्हणाले, "एक कुलूप उघडायचंय. पिशवी घे." कोणाचं, कुठे, असं मी विचारलं नाही. दुकानाचा परवाना त्यांच्या हातात आहे. गेल्या वर्षी आम्हा कुलूपवाल्यांतल्या एकाने उलट विचारलं, त्याचं शटर अजून खाली आहे. मी गाडीत बसलो. पिठाच्या गिरणीशी वळलो तेव्हा वाटलं, याच बाजूला ताई राहते. गाडी तुझ्याच इमारतीसमोर थांबली. तरी जिना चढताना मी मनात म्हणत होतो, दुसरा मजला असेल, दुसरा मजला असेल. तिसऱ्यावर तुझी पाटी दिसली.

तुझा आवाज मी ऐकला, ताई. शब्द न् शब्द.

"वॉरंट आहे का?"

"बाई, दार उघडा, मग बोलू."

"बोलायला दार कशाला उघडायला हवं? मला इथून ऐकू येतंय."

मला त्याही वेळी हसू फुटणार होतं. लहानपणी वसुलीवाल्याशी तू अशीच बोलायचीस आणि मी तुझ्या फ्रॉकमागे उभा असायचो.

"वॉरंट फटीतून आत सरकवा," तू म्हणालीस. "मी वाचते. बरोबर असेल तर मीच उघडते, तुम्हाला त्रास नको."

साहेबांकडे वॉरंट नव्हतं. त्यांनी खिशालाही हात लावला नाही. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

दार त्यांनी नाहीतर फोडलंच असतं, असं मी इतके दिवस स्वतःला समजावतोय. फोडलं असतं, यात शंका नाही. पण फोडायला वेळ लागला असता. आवाज झाला असता, खालचे वरचे लोक गोळा झाले असते, आणि वॉरंट नसताना दार फोडताना साहेबांना शंभर डोळ्यांनी पाहिलं असतं. मी असल्यामुळे काहीच आवाज झाला नाही.

आतून कडी असती तर माझं काही चाललं नसतं. ती कडी भाऊजी गेल्यावर मीच काढली. "तू एकटी, कधी आत पडलीस-बिडलीस तर मला बाहेरून उघडता यायला हवं." तू म्हणाली होतीस, "अरे, पण मला कडी लावायची सवय आहे." मी ऐकलं नाही. आता ती पुन्हा बसवून घे. दुसऱ्या कोणाकडून तरी बसवून घे.

मी खाली बसलो आणि काम सुरू केलं. तोंडातून शब्द काढला नाही, कारण आवाज ओळखशील. श्वाससुद्धा बेताने घेत होतो. तू आतून विचारलंस, "कोण आहे दाराशी? काय करताय?" माझा हात थांबला नाही. दार उघडलं तेव्हा मी अजून खालीच बसलेलो होतो. तू आधी साहेबांकडे पाहिलंस आणि मग खाली.

तू नुसती बघत राहिलीस म्हणून साहेबांना संशय आला. "काय रे, ओळखीची आहे का?"

पुढचं लिहायला मघापासून टाळाटाळ करतोय. चहा करून आलो, पोरीच्या सायकलला हवा भरून आलो.

घरी मी हिला असं सांगितलं की आधी तू म्हणालीस, "मी याला ओळखत नाही," आणि तुझी इच्छा तशी दिसली म्हणून मीही तसंच म्हणालो. ही म्हणाली, "शहाणी बाई. भावाला वाचवलं." मी मान डोलावली. तुला खरं माहीत आहे. आधी मी म्हणालो. विचारल्याबरोबर म्हणालो, "नाही साहेब." जीभ अडखळलीसुद्धा नाही. तू त्यानंतर म्हणालीस, "मीही ओळखत नाही."

मला वाचवायला म्हणालीस की खरंच तसं म्हणायचं होतं, हे मला विचारायचं नाही. विचारायचा हक्क नाही.

मग ती मुलगी बाहेर आली, तुझ्याकडे राहणारी नर्स. केस ओले होते. नर्सांच्या संपाला बंदी घातल्यापासून पोलीस तिला शोधत होते, हे मला गाडीत कळलं होतं. मला वाटलं होतं कोणी दांडगी पुढारीण असेल. आमच्या पोरीहून फार मोठी नाही गं ती. तू तिच्या पुढे आडवी उभी राहिलीस. तिनेच तुझ्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, राहू द्या." मी पिशवी पसरून उंबऱ्यात बसलो होतो, तिला जायला वाट नव्हती. ती मला म्हणाली, "काका, जरा सरकता?"

मी सरकलो.

आणखी एक गोष्ट आहे. खाली आल्यावर साहेब म्हणाले, "हात चांगला आहे तुझा. ओरखडासुद्धा नाही." आणि क्षणभर मला बरं वाटलं, ताई. कोणी कामाची तारीफ केली की वाटतं तसं. भीतीने केलं असं म्हणून सुटता आलं असतं. पण हे बरं वाटणं कुठे ठेवू?

तुला एक रात्र चौकीत बसवून ठेवून सोडलं, तिला सोडलं नाही, हे मला इकडून तिकडून कळलं. परवा वकीलबाई दुकानात आल्या. तू अर्ज केलायस आणि वॉरंटशिवाय घरात शिरले हे सिद्ध झालं तर कोर्ट मुलीबद्दल जाब विचारील, असं त्यांनी सांगितलं. "पण साक्षीदार नाही. ताई म्हणतात, कुलूपवाला कोण होता ते माहीत नाही. म्हणून मी या भागातल्या सगळ्या कुलूपवाल्यांना विचारत फिरतेय. तुम्ही होतात का?"

मी म्हणालो, "नाही बाई, मी नव्हतो."

त्या धन्यवाद म्हणून पुढच्या दुकानात गेल्या. उन्हातून, हातात फाईल घेऊन. त्यांना मी चहाही विचारला नाही.

त्या रात्री मी ताटातला भात नुसता चिवडत बसलो. ही म्हणाली, "काय झालंय?" मी सगळं सांगितलं, खऱ्या क्रमाने.  ती म्हणाली, "म्हणजे त्या नाही म्हणाल्या, ते तुमच्यानंतर." मी हो म्हणालो. तिने ताट उचललं आणि स्वयंपाकघरातून म्हणाली, "उद्या दुकान उघडू नका. आधी वकीलबाईंकडे जाऊन या."

"आणि परवाना गेला तर?"

"तर गेला. मला काय विचारता? भीती मलाही वाटतेय. पण पोरीला मी आता थापा मारणार नाही."

काल गेलो. वकीलबाईंनी मला ओळखलं, पण आदल्या दिवशीचं काही काढलं नाही. खुर्ची दिली. मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. साहेब काय म्हणाले, तू आतून काय म्हणालीस, वॉरंट नव्हतं, खिशाला हात लावला नाही, कुलूप मी उघडलं. शेवटी त्यांनी विचारलं, "घरमालकिणीशी तुमचं काही नातं?" मी म्हणालो, "सख्खी बहीण." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.  मग त्यांनी तेही लिहिलं आणि सहीसाठी कागद माझ्यापुढे केला. सही वाकडी आली. एवढी वाकडी की दुसऱ्यांदा करायला लावली.

मी शूर झालो असं समजू नकोस. कालपासून रस्त्यावर गाडी थांबली की मी पडद्याआडून बघतो. आज सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली तर मी मोरीत जाऊन उभा राहिलो. ही हसली, आणि मग रडली.

सुनावणीला मला बोलावतील. मी येईन. तिथे तू माझ्याशी बोलायला पाहिजेस असं नाही. माझ्याकडे बघूही नकोस, बघितलंस तर मी रडेन आणि समोरचा वकील म्हणेल, साक्षीदार शिकवून आणलाय. मुलगी सुटली, तर ती तुझ्या घरी येईल तेव्हा मी येणार नाही. तिला कोणाला सरकायला सांगावं लागू नये.

माफी मागत नाही. मागितली की तू द्यायला बसशील, तुझी ती खोडच आहे.

हल्ली टपाल उघडून वाचतात म्हणे. वाचू देत. पाकिटाच्या मागे माझं नाव, दुकानाचा पत्ता आणि तुझं-माझं नातं मी स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे.

तुझा,
धाकटा भाऊ