पाला ठेवलेली वाट

अप्पा,

कोणी अनोळखी माणसानं तुम्हाला वाट विचारली की तुम्ही आधी विचारायचात, "कोणाकडे?" त्याला माणसाचं नाव सांगता आलं नाही, तर टपालाची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचात आणि "मग चुकलात तुम्ही," म्हणून चालू लागायचात. कशेळ्याच्या बाजारात लोक हसायचे, पोस्टमन असून पत्ता सांगत नाही म्हणून. मला लाज वाटायची. आता पंचेचाळिशीत कळतंय की तुमचा तो संशय माझ्या अंगात पुरता मुरला आहे. आणि गेले चार महिने मी जे काम करते आहे ते नेमकं त्याच्या उलट आहे. कोणाकडे जायचंय हे न विचारता, कोणालाही कुठेही पोचवायचं.

थंडीत कर्जतपासून खालापूरपर्यंत एक कलामहोत्सव भरणार आहे. चित्रं, बाहुल्या, नाटकं, सगळं गावोगावी पसरलेलं, कुठे बंद पडलेल्या भातगिरणीत, कुठे शाळेच्या पडवीत, कुठे खळ्यावर. येणारे बहुतेक शहरातले. ते चुकू नयेत म्हणून मोबाइलवर एक ॲप करतोय. फोनवर निळा ठिपका म्हणजे आपण, हिरवी रेघ म्हणजे वाट. रेंज नसली तरी चालतं. सध्या महोत्सवाचीच माणसं ते हातात घेऊन वाटा तपासत फिरतायत. नकाशा आणि त्यावरच्या खुणा पुण्याची एक तरुण मुलगी करते. त्यातली मराठी वाक्यं मी लिहिते. मोहोपाड्याच्या कॉलनीत, कारखान्याच्या भोंग्यावर स्वयंपाक उरकून, मी लिहिते, "डावीकडे वळा. समोर चिंच दिसेल." आमच्यावर देखरेखीला एक सर आहेत. फार गोड बोलतात. तुम्हाला आवडले नसते.

मला पहिल्यांदा खटकलं ते त्यांचं पायवाटांचं वेड. चित्रं गावात आहेत, मग माळावरच्या न् ओढ्याकाठच्या वाटा कशाला, मी विचारलं. "अहो ताई, लोकांना जरा भटकू दे की!" कोण कुठून चाललं, कुठे किती वेळ थांबलं, हे ॲप लिहून ठेवतं. ते पुढे कोणाकडे जातं, असं विचारलं तर हसले. माळावर हल्ली प्लॉटच्या हद्दीचे पांढरे दगड उभे राहिलेत. दोन्हींचा संबंध असेलच असं नाही. पण मी तुमची मुलगी आहे.

नकाशात ठिकठिकाणी एक सुरेख खूण आहे, हिरवी डहाळी आणि तिच्यावर दगड. मला वाटलं, नक्षी असेल. सरांनी सांगितलं तसं मी तिच्यासाठी वाक्य लिहून दिलं, "ही खूण दिसली की निर्धास्त चाला. ही गावकऱ्यांनी दाखवलेली वाट आहे." मग मागच्या आठवड्यात आम्ही तिघं ॲप चालवून बघायला कशेळ्याच्या वरच्या वाडीकडे गेलो. ऐनाच्या झाडापाशी वाट फुटते ना, तुमची ती जागा, तिथे डाव्या वाटेवर ताजा पाला होता, दगडाखाली दाबलेला. "मॅडम, हीच ती खूण! त्यांनी त्यांची वाट दाखवायला किती छान केलंय बघा," असं म्हणत मुलीनं फोटो काढला आणि पाला ओलांडून ती पुढे गेली. तिच्या हातातला फोन माझंच वाक्य बोलला. निर्धास्त चाला.

मी पाल्याच्या अलीकडेच थांबले. ज्या वाटेनं जायचं नाही तिच्यावर पाला ठेवायचा, हे तुम्ही मला अक्षरं यायच्या आधी शिकवलं होतंत. मागून येणाऱ्यानं मोकळी वाट धरायची. यांनी ते उलटं वाचलं होतं, आणि सगळ्या नकाशाभर उलटंच लावलं होतं.

तेवढ्यात खालून डोक्यावर रिकामा हंडा घेतलेली एक म्हातारी आली. "तिकडं कुटं चालल्या गं?"

"झऱ्याकडे, मावशी," सर म्हणाले. "हा पाला तुम्हीच ठेवता ना?"

"आमीच ठेवतो."

"बघा!" सर मला म्हणाले आणि पुढे निघाले.

मी मागे राहिले. पोस्टमनची मुलगी म्हणून ओळख सांगितली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोस्टमनची? मंग तुला ठाव नाय व्हय गं, पाला कशाला ठेवत्यात?"

"मला ठाऊक आहे. यांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी इचारलं, पाला तुमी ठेवता का. आमी हो म्हनलं. कशाला ठेवता, असं कोनी इचारलं?" ती हसली. "शिकलेली मानसं हायत, म्हनलं ठाव असंल." मग हंडा सावरत म्हणाली, "वरच्या कुंडातलं आमी पितो, खालच्यात बाया आंगोळी करतो. मागं दोघं आलं नि फोन वर धरून हुबं ऱ्हायलं. म्हनून पाला ठेवला. तर जेवडा पाला ठेवतो तेवडी जास्त येत्यात गं!"

उतरताना मी सरांना सगळं सांगितलं. ते थांबलेसुद्धा नाहीत. "ताई, शुक्रवारी ॲप लोकांसमोर जातंय. आता काही हलवायचं नाही. आणि झरा हेच तर आकर्षण आहे." तेव्हापासून मला वाटतंय, ही चूक होती तरी का? उलटं वाचलं, की वाचून उलटं केलं? माझ्याकडे पुरावा काही नाही.

घरी आले आणि मजकुरासाठी मला दिलेल्या पासवर्डनं आत शिरले. त्यानं नकाशाही उघडतो. झऱ्याकडे जाणारी हिरवी रेघ पुसली. वाक्य बदललं, "पाला दिसला की मागे फिरा." कोणाला सांगितलं नाही. काल सरांचा फोन आला, कोणीतरी नकाशात हात घातलाय. त्यांचा वहीम त्या मुलीवर आहे, कारण नकाशा तिचा. उद्या दहाला खालापूरला सगळ्यांना बोलावलंय. संध्याकाळी ती फोनवर रडत होती. "मॅडम, मी नाही हो केलं." मी म्हटलं, "बघू."

बघू म्हणाले मी, अप्पा. आणि फोन ठेवल्यावर आपलं स्वयंपाकघर आठवलं.

मी तिसरीत, दिवाळीची सुट्टी. तुम्ही मला फेरीला नेलंय. त्या पावसाळ्यात ऐनापासची डावी, झऱ्यावरून वाडीत जाणारी वाट कडेनं खचलेली, म्हणून तुम्ही तिच्यावर पाला ठेवता, मला झाडाखाली बसवता आणि पहिल्या घरात पत्र देऊन येतो म्हणून जाता. एवढ्याशा पाल्याचं मोठी माणसं ऐकतात, हे मला खरं वाटत नसतं. मी तो ओढून उजव्या वाटेवर ठेवते, वर दगडही ठेवते, आणि झाडामागे लपते. एक बाई बाजारातून मीठ न् सुकट घेऊन येते. पाल्याकडे बघते आणि क्षणभरही न थांबता डावीकडे वळते. इतका विश्वास मी पुढे कोणाचाच कशावर पाहिला नाही. मग तिची किंकाळी. तुम्ही आणि वाडीतले तिघं तिला घोंगडीच्या झोळीतून खाली नेता.

संध्याकाळी तुम्ही चुलीपुढे बसून म्हणालात, "पाला कोणीतरी हलवला." आई म्हणाली, "कोण हलवणार?" "माळावरच्या त्या म्हाताऱ्या गुराख्याशिवाय तिथं असतंच कोण?" मी भात कालवत होते. त्यानंतर तुम्ही गुराख्याच्या घरी चहा घेणं सोडलंत. मुंबईला असलेल्या त्याच्या मुलाची पत्रं तुम्ही त्याच्या ओट्यावर बसून वाचून दाखवायचात, ती दारात टाकून येऊ लागलात. त्याला वाचता येत नव्हतं. तो गेला तेव्हाही तुम्ही त्याच्याकडे गेला नाहीत.

त्या बाईचा पाय पुढे कधी सरळ पडला नाही. मागच्या आठवड्यात हंडा घेऊन जाणाऱ्या त्या म्हातारीची चाल मी वळणापर्यंत बघत होते. ती लंगडत नव्हती.

तुम्ही मला पुन्हा कधी फेरीला नेलं नाहीत. उन्हात दमते, म्हणालात. मला तेव्हापासून संशय आहे की तुम्हाला ठाऊक होतं. आणि ठाऊक असूनही तुम्ही गुराख्याला दोषी राहू दिलंत, असं म्हणून इतकी वर्षं मी थोडासा दोष तुमच्याकडे सरकवत आले. कदाचित तुम्हाला काहीच ठाऊक नसेल. मी खरंच उन्हात दमत असेन.

उद्या दहाला, त्या मुलीला कोणी काही विचारायच्या आत, मला बोलायचं आहे. ते रेघ पुन्हा काढतील, कदाचित. मग मी वाडीत जाईन, आणि बायकांना सांगेन की पाला बघून लोक का येतात. पण ते एक वाक्य माझ्या तोंडाला सवयीचं नाही, म्हणून आधी इथे लिहून बघते. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही.

त्या दिवशी पाला मी हलवला होता.